एक ओलं, एक सुकं

"आवडलं म्हणाल्या. पण शेवट जरा ओढूनताणून केल्यासारखा वाटला त्यांना," असं रुचिता बोलून गेली आणि काउंटरपलीकडच्या सुगंधाताईंनी समजल्यासारखी मान हलवली. "बरोबर आहे. हंसाबाईंना कोण फसवणार?" असं म्हणत त्यांनी परत आलेली दोन पुस्तकं बाजूला सारली आणि दोन दुसरी पुढे केली. पालघरच्या त्या वाचनालयात शनिवारची संध्याकाळ नेहमीसारखी चालली होती. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, खिडकीजवळच्या बाकावर दोन पेन्शनर एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन वाचत होते, आणि रुचिताने आपलंच वाक्य जरा उशिराने आपल्याच कानांनी ऐकलं. हंसाबाई तिची सासू. त्यांना जाऊन दोन महिने होऊन गेले होते. पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं, कुणीच वाचलेलं नव्हतं. ते आठवडाभर सातपाटीच्या बंद घरात खिडकीच्या फळीवर पडून होतं. तरी शेवट ओढूनताणून केलेला वाटला हे तिने इतकं सहज सांगितलं, की घटकाभर तिला वाटलं, खरंच असेल तसं. आता निदान घाम फुटायला हवा, असं तिच्या मनात आलं. तिने वाट पाहिली. काही फुटलं नाही. "यातलं हे ओलं आणि हे सुकं," सुगंधाताई म्हणाल्या, आणि रुचिताने सवयीने लाल कापडी बांधणीचं जुनं पुस्तक उघडलं, पंचविसावं पान काढलं आणि ते ट्यूबलाइटसमोर उभं धरलं.

ओलं आणि सुकं ही भाषा हंसाबाईंचीच. त्या सातपाटीच्या, जन्माने आणि लग्नानेही. तीस-पस्तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसल्या. चौथीपर्यंत शाळा झालेली. मासळी खपली की बाजारातून एसटी स्टँडकडे जाताना हे वाचनालय वाटेत लागायचं, आणि व्हरांड्यातल्या स्टँडवर लावलेलं वर्तमानपत्र त्या पाटी खाली ठेवून उभ्यानेच वाचायच्या. तेव्हाच्या ग्रंथपालांनी एक दिवस विचारलं, बाई, आत का येत नाही? "वास येल लोकांना," हंसाबाई म्हणाल्या. ते म्हणाले, येऊ दे, मासळी खाताना कुणाला येत नाही वास. त्या दिवसापासून नळावर लिंबू आणि साबणाने हात धुऊन त्या आत जायला लागल्या, त्या गुडघे थकेपर्यंत. एका वेळी दोन पुस्तकं मिळायची. एक नवं, एक जुनं, हा त्यांचा कायदा. नवं ते ओलं, जुनं ते सुकं. "ओला चवीचा असते, पन पावसात होड्या बंद झाल्या का घर सुक्यावर चालते," त्या म्हणायच्या. "नुसती नवी बुका वाचशील तर दर्या बंद झाल्यावर काय खाशील?" रुचिताला हसू यायचं. ती कसलीच पुस्तकं वाचत नव्हती, ओली नाही आणि सुकी नाही. तिचं माहेर केळव्याचं, पानवेलीच्या वाडीतलं. तिथे पुस्तकं शाळेत असायची आणि शाळा संपली की रद्दीत जायची. सासू वाचते हे तिला लग्नानंतर कुणीतरी जरा कुजबुजत सांगितलं होतं, जसं सासू तंबाखू खाते असं सांगावं.

पान स्वच्छ होतं. लाल पुस्तकाच्या पंचविसाव्या पानाला भोक नव्हतं, म्हणजे ते हंसाबाईंनी वाचलेलं नव्हतं. वाचनालयात जन्म काढलेल्या माणसांची खूण असते; आपण हे नेलं होतं की नाही हे त्याशिवाय कळत नाही, नावं विसरायला होतात आणि कव्हरं बदलतात. कुणी कोपऱ्यात टिंब देतो, कुणी आपलं आद्याक्षर, आणि काही महाभाग तर समासात अभिप्रायच लिहून मोकळे होतात. हंसाबाईंना ते आवडायचं नाही. बुक लोकांचं आहे, त्यावर आपली शाई कशाला? म्हणून त्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढायच्या आणि पंचविसाव्या पानावर, खाली उजवीकडे, एक भोक पाडायच्या. नवऱ्याच्या होडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पंचवीस होते. होडी विकली गेली, मग नवराही गेला, आकडा राहिला. हंसाबाईंचं पालघरला येणं थांबलं तेव्हा त्यांनी हे गुपित सुनेला सांगितलं, घरातली एखादी जागा दाखवावी तसं. "उजेडात धरायचा. भोक दिसला तर नको आनू. नाय दिसला तर आन." रुचिताने ते शिरोधार्य मानलं. पुस्तकात काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. अक्षर जरा ठसठशीत असावं, फार जाड नसावं आणि पंचविसाव्या पानाला भोक नसावं, एवढ्या तीन गोष्टी पाहून तिने चार वर्षं निवड केली, आणि हंसाबाईंनी कधी तक्रार केली नाही.

उजेडात धरून बघणं तिला अवघड नव्हतंच, त्याचाच तिला पगार होता. तारापूरच्या एमआयडीसीत औषधाच्या एका कंपनीत इंजेक्शनच्या बाटल्या तपासायच्या टेबलावर ती बारा वर्षं बसत होती. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा पडदा, वर दिवा. बाटली मानेला धरून हलकेच फिरवायची, काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा तंतू. कण दिसला की बाटली डाव्या हाताला. दर सहा महिन्यांनी कंपनी डोळे तपासून घ्यायची आणि रुचिताचे डोळे नेहमी पहिल्या झटक्यात पास व्हायचे. "दीदी, आपकी आँख में तो मशीन है," शेजारच्या टेबलावरची बिहारची मुलगी म्हणायची. डोळ्यात तेल घालून बसणं हा वाक्प्रचार इतरांसाठी होता, तिच्यासाठी ती ड्यूटी होती. हंसाबाई गेल्यावर तेरावं आटोपून ती कामावर गेली तेव्हा टेबलावरचा दिवा लावताना तिला पहिल्यांदा बरं वाटलं. बाटलीत कण असतो किंवा नसतो. सांत्वनाला आलेल्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या, त्यात काही सापडतंय का म्हणून, आणि काही सापडत नव्हतं. ती रडली नव्हती. पालघरच्या हॉस्पिटलात पांढऱ्या चादरीपाशी उभी असताना नाही, आणि सातपाटीच्या घरातून त्यांना उचललं, बायकांनी सूर लावला, तेव्हाही नाही. आपण दगड आहोत का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं होतं. उत्तर आलं नाही, आणि उत्तर न आल्याचंही तिला फारसं काही वाटलं नाही. मग तेराव्यानंतरचा पहिला शनिवार आला आणि पाय आपोआप वाचनालयाकडे वळले. "हंसाबाई बऱ्या आहेत ना? मध्ये दोन शनिवार चुकले," सुगंधाताईंनी विचारलं, आणि ती म्हणाली, "हो." त्या एका शब्दावर पुढचे सगळे शनिवार चालले होते.

बोईसरला घरी पोचली तेव्हा हवेत तो नेहमीचा उग्र वास उतरला होता, कारखान्यांचा, जो नव्या माणसाला नाक धरायला लावतो आणि जुन्या माणसाला फक्त वाऱ्याची दिशा सांगतो. कमलेश रात्रपाळीला निघायच्या तयारीत होता. आईबद्दल तो बोलायचा ते फक्त कामाचं. "उद्या सातपाटीला रूपेश येईल किल्लीला," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. रूपेश त्याचा चुलत भाऊ, सातपाटीचाच; त्याला जाळी ठेवायला आणि खलाशांना राहायला जागा हवी होती. "घर बंद ठेवून खाऱ्या हवेत सडवायचं, त्यापेक्षा वापरात राहील. आईचं काही राहिलं असेल तर काढून घे. आणि ती वाचनालयाची पुस्तकं परत कर बाई एकदाची, किती दिवस ठेवणार?" रुचिता म्हणाली, करते. तिच्या पिशवीत दोन पुस्तकं होती आणि ती परत करायची नव्हती, न्यायची होती, हे त्याला सांगायचं कसं हे तिला कळेना. किल्ली गेली की खिडकीची फळी जाणार, फळी गेली की रविवार जाणार, आणि मग सुगंधाताईंना ते दुसरं वाक्य सांगावं लागणार. ते वाक्य दोनच शब्दांचं होतं. ती ते तोंडात जुळवून पाही, पण ओठांपर्यंत आलं की ते कुणा दुसऱ्याच्या घरातलं वाटायचं.

कमलेशने आईला बोईसरला आणायचा प्रयत्न केला होता, दोन वर्षांपूर्वी. एकटी राहतेस, वय झालं, दिसतं का तुला नीट, असं म्हणत तो रविवारी रुचिताबरोबर सातपाटीला गेला होता. हंसाबाई ओट्यावर बसून बोंबील साफ करत होत्या. "मना सगळा दिसते," त्या म्हणाल्या. कमलेश हट्टाला पेटला. "मग सांग, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आज काय आहे?" हंसाबाईंनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अष्टमी. भांगाचा पानी हाय आज, भरती लहान, होड्या उशिरा लागतील." कमलेशने जवळ जाऊन पाहिलं. अष्टमीच होती. तो हसला आणि विषय संपला. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सासू आली असती तर बरं की वाईट, याचा हिशेब रुचिताने त्या दिवशी मनात मांडलाही नव्हता. पण विषय संपल्यावर तिने जो श्वास सोडला तो तिला आज आठवला. भांडण कधी नव्हतं. प्रेमही, ज्याला प्रेम म्हणतात तसं, कधी उघड्यावर आलं नव्हतं. दोघींच्या मध्ये दोन पुस्तकं होती. रविवारी ती जायची, पिशवीतून पुस्तकं काढून फळीवर ठेवायची, आधीची दोन उचलायची, आणि हंसाबाई आधीच्यातली गोष्ट सांगायच्या. कोळंबी सोलता सोलता त्या सांगायच्या की एका बाईने काय केलं, मग तिच्या दिराने काय केलं, आणि लेखकाला अक्कल असती तर त्याने काय करायला हवं होतं. रुचिता अर्ध्या कानाने ऐकायची. नंतर नंतर त्या गोष्टी तोकड्या होत गेल्या. "बरा होता," एवढंच. किंवा, "ओल्यापेक्षा सुका बरा होता." वय झालं, असं रुचिता म्हणाली होती, मनातल्या मनात.

रविवारी ती सकाळच्या एसटीने सातपाटीला गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काठ्या उभ्या होत्या आणि त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत होते, आणि वास असा होता की गाडीतल्या मुंबईच्या पाहुण्यांनी खिडक्या लावून घेतल्या. घराचं कुलूप खाऱ्या हवेने जड झालं होतं. तिने दार उघडलं, मागचं दार उघडलं, केर काढला. मागच्या दाराला दोन पायऱ्या. हंसाबाई त्या पायऱ्यांवरून पडल्या होत्या, पहाटे, डोकं खालच्या दगडावर आपटून. पंचेचाळीस वर्षं चढलेल्या-उतरलेल्या पायऱ्या. चक्कर आली असेल, सगळे म्हणाले, रक्तदाब असेल. आणि रुचिताही आलेल्या-गेलेल्यांना तेच सांगत राहिली. आता ती वरच्या पायरीवर उभी राहिली आणि खाली पाहिलं. दगडावर काही नव्हतं. कुणीतरी धुतला असणार. तिने खिडकीची फळी पुसली, पितळी डबा, चष्म्याची पेटी, शिवणाच्या दोऱ्याचा गुंडा असं एका पिशवीत भरलं. चष्मा पेटीत होता आणि पेटीवर धूळ होती, बरीच जुनी, घट्ट बसलेली. पुसताना तिच्या हाताने ती धूळ ओळखली, पण मनाने दखल घेतली नाही. मग ती नवी आणलेली दोन पुस्तकं घेऊन ओट्यावर जाऊन बसली, कारण आज ती फळीवर ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि रूपेश यायचा होता.

शेजारच्या ओट्यावर तानी बसली होती, हंसाबाईंच्याच वयाची, पायांशी सुकत घातलेली मांदेली आणि हातात कावळ्यांसाठी काठी. हंसाबाईंबरोबर पाटी घेऊन जन्म काढलेली बाई. "आलीस काय?" ती म्हणाली. "घर देतास मंग रूपेशला." रुचिता हो म्हणाली. ऊन तिरपं ओट्यावर पडलं होतं. हाताला काम नसलं की ती बेचैन व्हायची, म्हणून तिने लाल पुस्तक उघडलं आणि पानं नुसतीच सोडत गेली, अंगठ्याखालून, एकामागून एक. एक पान उन्हात उभं राहिलं आणि तिच्या तळहातावर उजेडाचे चार ठिपके पडले.

ती बघत राहिली. ठिपके बारीक होते, एकाखाली एक, सारख्या अंतरावर, टाके घातल्यासारखे. तिने पान हलवलं तसे तेही हलले. कसर लागली असेल, असं आधी वाटलं. पण तिचे डोळे ते मानेनात. कसरीचं भोक वेडंवाकडं असतं, कडा कुरतडलेल्या असतात, आणि ते एका रांगेत कधी नसतं. हे पिनेचं काम होतं. तिने पानावरचा आकडा पाहिला. एकवीस. खाली उजवीकडे. जागा बरोबर होती, पान चुकलं होतं, आणि एका भोकाच्या जागी चार होती. हंसाबाई पान चुकतील? बाजारात एवढ्या गर्दीत ज्यांच्या वाट्यातला एक बोंबील कधी कमी-जास्त झाला नाही, त्या पंचविसाच्या जागी एकवीस वाचतील? आणि तेही चार वेळा?

"कंचा बुक हाय ता?" तानीने विचारलं. रुचिताने पुस्तक तिच्याकडे केलं. तानीने काठी खाली ठेवली, हात पदराला पुसला आणि लाल कापडावरून फिरवला. "अगो, हाच ना तो? खडबडीत कापडाचा. परत आनलास?" ती म्हणाली. "हा चारदा आला बाय. हंसा हसायची. बोलायची, तानी, बघ, पाहुना परत आला."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?" रुचिताने विचारलं.

"हाताला कलायचा ना तिला. भोक लागला बोटाला का बोलायची, ह्यो येऊन गेल्ता. मंग त्याच्याच खाली दुसरा पाडायची."

"हाताला का? डोळ्यांनी..." रुचिता म्हणाली, आणि थांबली, कारण चष्म्याच्या पेटीवरची धूळ आता मनापर्यंत पोचली होती.

तानीने मांदेलीवरून एक कावळा हाकलला आणि मग सावकाश बोलली. "दिसत नव्हता तिला. दोन वरसा झाली. उजेड तेवडा कलायचा. मना शपथ घातलेली, दर्याची. कमलेशला समजला तर घेऊन जाल तिला बोईसरला, घर बंद."

"पण तिथी कशी सांगितली त्यांनी? कॅलेंडर बघून?"

"कॅलेंडर कशाला पायजेल? मासळीवालीला तिथी सांगावी लागते काय? भरती ऐकायची ना पडल्या पडल्या." तानी थोडी हसली. मग म्हणाली, "मी बोलले तिला, सुनेला तरी सांग. ती काय खाते तुला? तर बोलली, नको. वाचता येत नाय समजला तर बुका आनायची बंद होल. बुका बंद झाल्या तर पोर कशाला येल दर आयतवारी? तिला काय काम हाय माज्याकडं?"

रस्त्यावरून बर्फाचा टेम्पो गेला, बंदराकडे. रुचिताच्या आत काही कोसळलं वगैरे नाही. फक्त एकेक बाटली दिव्यासमोर येऊ लागली, आणि ती त्या फिरवू लागली, कारण तेवढंच तिला येत होतं. कालवणात दोनदा पडलेलं मीठ. बशीबाहेर गेलेला चहा, आणि "हात थरथरते गो" असं म्हणणं. ती अंगणात आली की चपला वाजताच "रुचिता काय?" असं विचारणं, जे तिला तेव्हा नुसती वाट बघणं वाटलं होतं. फळीवर ठेवलेल्या पुस्तकांवरून हात फिरवणं, एखाद्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि तो एक रविवार, पावसाच्या आधीचा. "माजा चस्मा कुठं गेला कोन जाने. तू वाच ना जरा, एक पान. मी ऐकतंय," असं हंसाबाई म्हणाल्या होत्या, आणि एसटीची वेळ झाली होती, आणि रुचिताने पिशवी उचलत म्हटलं होतं, "पुढच्या रविवारी वाचते, आई." पुढच्या रविवारी दोघींनीही तो विषय काढला नाही. शेवटी त्या पहाटेच्या पायऱ्या आल्या. चक्कर नव्हती आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा डोळ्यांसमोर होता, आणि डोळे कंपनीने पास केलेले होते. हे सगळं तिला स्पष्ट दिसलं आणि तरी छातीत काही हललं नाही, त्याची तिला आता पहिल्यांदा भीती वाटली.

मग पान का चुकलं, एवढाच प्रश्न उरला, आणि ती त्याला चिकटून बसली. तिने पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं आणि डोळे बंद केले. डोळ्यांचं काम हातांना द्यायची तिला सवय नव्हती, बोटं बावचळली. तिने कव्हर उघडलं आणि अंगठ्याने एकेक पान सोडायला सुरुवात केली. पंचविसावं पान म्हणजे तेरावा कागद, हे सोपं होतं, हे कुठलीही हिशेबी बाई न बघता मोजेल. जुना कागद एकमेकांना धरत होता, प्रत्येक पान चिमटीत घासून एकच आहे ना याची खात्री करावी लागत होती. तेराव्यावर ती थांबली आणि खाली उजवीकडे बोट नेलं. कागदाला मागून ढकलल्यासारखे बारीक उंचवटे लागले. एक, त्याखाली दुसरा, तिसरा, चौथा. तिने डोळे उघडले. एकवीस. पुस्तकाच्या सुरुवातीला नावाचा एक आणि अर्पणाचा एक असे दोन कागद होते, त्यांवर आकडे नव्हते. पुस्तकाने मोजायला उशिरा सुरुवात केली होती. मोजण्यात हंसाबाई एकदाही चुकल्या नव्हत्या. प्रत्येक वेळी त्यांनी तेरा कागद असेच घासत मोजले असतील, इथेच बसून, बोटाला जुनं भोक लागलं असेल, आणि सून परत तेच घेऊन आली हे कळलं असेल. मग बांगडीतली पिन काढून त्यांनी त्याखाली नवं भोक पाडलं असेल, नीट, अंतर राखून, आणि रविवारी म्हटलं असेल, बरा होता.

रूपेशची मोटरसायकल आली तेव्हा ती तशीच बसली होती. त्याने स्टँड लावला, हेल्मेट काढलं. "वयनी, झाला काय सामान काडून? खलाशी बंदरावर थांबलेत." तिने किल्ली मुठीत धरली होती, ती त्याला द्यायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात तानी म्हणाली, "काय गोष्ट हाय गो त्या बुकात? चारदा आला, पन हंसाला काय समजली नाय. मना बोलायची, तानी, तू शिकली असतीस तर बरा झाला असता."

रुचिताने हात मागे घेतला. "रूपेशभाऊ, जरा बसा," ती म्हणाली. "एक पान वाचून होऊ दे." रूपेशने तानीकडे पाहिलं, तानीने त्याला काठीने ओट्याची कड दाखवली, आणि तो मुकाट्याने टेकला. रुचिताने पहिलं पान उघडलं. मोठ्याने वाचायची वेळ तिच्यावर शाळेनंतर आली नव्हती. आवाज परका वाटला. तानीला नीट ऐकू जावं म्हणून तिने तो चढवला, इतका की आतल्या खोलीपर्यंत जावा.

"त्या गावाला जायच्या वाटा दोन होत्या," ती वाचू लागली. "एक डोंगराला वळसा घालून, आणि दुसरी ओहोटीच्या वेळी खाडीतून. सुभद्रा नेहमी खाडीतून जाई. घरचे रागवत, पाणी कधी फिरेल सांगता येत नाही म्हणत. ती म्हणे, पाणी फिरलं की मला पायांना कळतं..."

"वा," तानी म्हणाली. "हंसाला आवडला असता." आणि मांदेलीवर कावळा बसला तरी तिने काठी उचलली नाही.

"...आणि पलीकडच्या काठावर," रुचिताने पुढे वाचलं, "रोज कुणी वाट बघत असे असं नाही. पण सुभद्रा जाताना हातात काहीतरी घेऊन जाई, म्हणजे का आलीस असं कुणी विचारलंच, तर..." पुढची ओळ तिला लागेना. तिने पुस्तक जवळ आणलं, मग लांब धरलं, उन्हाकडे वळवलं. अक्षरं एकमेकांत मिसळली होती, ओळी पाण्याखाली गेल्या होत्या, आणि लाल कापडावर टपटप काहीतरी पडत होतं. तिने ओळीवर बोट ठेवलं, म्हणजे जागा हरवू नये.

"काय झाला?" तानीने विचारलं. "का थांबलीस?"

"दिसत नाही," रुचिता म्हणाली.